दोन संस्थांमधलं कासव

मी कासव बोलतोय. पाण्यातलं नव्हे, टेबलावरचं.

बोलतोय म्हणालो खरा, पण आजवर मी स्वतःचं असं काहीच बोललेलो नाही. दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडं न्यायचं, एवढंच माझं काम. मी मीटिंगचा माईक आहे. गोल, काळा, पाठीला फुगीर, खाली रबराचे बुटके पाय. सोलापूरच्या सीनातीर विज्ञान संस्थेत खोक्यातून मला बाहेर काढलं, तेव्हा मल्लिनाथ शिपाई म्हणाला, "हे काय, कासव हाय की!" तेच नाव पडलं. सभागृहातला आवाज मी पुण्याला पोचवायचा आणि पुण्याचा आवाज माझ्या पोटातून इथल्या लोकांना ऐकवायचा.

माझ्या पाठीवर एक दिवा आहे. तो हिरवा असला की इथलं बोलणं पुण्याला जातं. बटण दाबून तांबडा केला की जात नाही. लोकांना वाटतं, तांबड्या दिव्यात मी बहिरा होतो. तसं नाही. पुढं पाठवायचं तेवढं थांबतं, ऐकणं थांबत नाही. मला बनवणाऱ्यानं कान दिले आणि ते मिटायची सोय दिली नाही. या एका गोष्टीबद्दल मी त्याला माफ करणार नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. एका लांबच्या कारखान्यात एक मुलगी माझ्यापुढं तिच्या भाषेत एक ओळ गुणगुणली, तो मी ऐकलेला पहिला आवाज. मला तपासण्यासाठीच ती गात होती. तेव्हा वाटलं होतं, जगातले सगळे आवाज असेच असतील. मग थर्माकोलात घालून मला बंद केलं, आणि मल्लिनाथच्या त्या बोलण्यानंतरचा मोठा आवाज आला तो होटगी रोडवरच्या या सभागृहात, नारळ फोडल्याचा.

पुण्याची एक मोठी संस्था आणि आमची सीनातीर, अशा दोघींनी मिळून पीएच.डी. द्यायची असं ठरलं होतं. विषय संगणकीय विज्ञान. म्हणजे पूर कसा पसरेल, पुलाचा कोणता भाग आधी दमेल, रोगाची साथ कोणत्या वाटेनं जाईल, हे संगणकावर गणित मांडून आधीच पाहायचं. विद्यार्थी एक, मार्गदर्शक दोन, पदवीवर दोन्ही संस्थांची नावं. भाषणं ऐकताना मी अगदी भारावून गेलो. उद्घाटनात माझ्या पाठीवर कुंकू लावलं, फुलं वाहिली, वर नारळाचं पाणी शिंपडलं. ते चिकट पाणी दिवसभर कुणी पुसलं नाही. मुंग्या आल्या.

पहिल्या बैठका कशावर झाल्या माहीत आहे? पदवीच्या कागदावर कुणाचं बोधचिन्ह डावीकडं छापायचं यावर. वाचणारा डावीकडून वाचायला लागतो, म्हणून डावी बाजू मानाची. पुण्याचे म्हणत आमची संस्था जुनी, आमचे म्हणत कल्पना आमची. एकावर एक छापू म्हटलं तर वर कोण, यावर वाद. अखेर दोन्ही चिन्हं एकमेकांत अशी गुंतवली की कोणतंच ओळखू येईना. तेव्हा कुठं दोघांचं समाधान झालं आणि टाळ्या वाजल्या. त्या टाळ्याही मीच पोचवल्या.

आमच्या बाजूचे समन्वयक होते डॉ. मृत्युंजय हत्तुरे. त्यांचा आवाज मऊ, गुळगुळीत. ते कधी कुणावर ओरडत नसत. बैठक चालू असताना कडक भाकरीचे तुकडे शेंगाचटणीत बुडवून खायचे आणि त्याच तेलकट बोटानं माझं बटण दाबायचे. घसा खाकरायचे तो थेट माझ्या जाळीवर. चहाचा कप ठेवायला टेबलावर जागा नसली की माझ्या पाठीवर ठेवायचे. पण या सगळ्याची मला सवय झाली असती. सवय झाली नाही ती तांबड्या दिव्यात ते जे बोलायचे त्याची.

दोन्ही संस्थांच्या करारात एक शब्द होता, 'मातृसंस्था'. विद्यार्थ्याची नोंदणी आधी जिथं होईल ती त्याची मातृसंस्था. त्याला बसायला जागा, संगणक, वसतिगृह, परीक्षा, सगळं तिनं बघायचं. दुसरीनं फक्त नाव लावायचं. आता आई व्हायला कोण तयार होणार? नाव दोघींना हवं होतं. खस्ता कुणालाच नको होत्या.

दुसऱ्या वर्षीच्या मुलाखतींना दिपाली मेटकरी आली.

मंगळवेढ्याच्या पुढच्या एका गावची. घरची मेंढरं. वडील धुळा मेटकरी पाऊस संपला की कळप घेऊन अकलूजकडं उसाच्या पट्ट्यात उतरायचे ते उन्हाळ्यालाच परतायचे. ही मुलगी एम.एस्सी. करून प्रवेश परीक्षेत पहिली आली होती. खुर्चीवर बसल्यावर तिनं माझ्याकडं बोट करून विचारलं, "सर, ह्यात बोलायचं का?" आणि दोन्ही हातांनी मला हळूच आपल्याकडं सरकवलं. इतर सगळे माझी वायर धरून ओढत.

समोरच्या पडद्यावर पुण्याचे प्राध्यापक होते. त्यांना सगळे नुसतं 'पुण्याचे सर' म्हणत. त्यांनी विचारलं, "विषय काय घेणार?"

"मेंढ्यांच्या रोगाची साथ कशी पसरते ते. सर, सगळीकडं साथ गोलात पसरते असं धरतात. म्हणजे इथं रोग आला की चहूबाजूंनी सारख्या अंतरावर लस टोचायची. पण कळप गोलात चालत नाहीत. ते ठरलेल्या वाटांनी चालतात, आणि पाण्यावर एकमेकांना भेटतात. साथ तिथून पुढं जाते. त्या गाठी पडायच्या जागा शोधून आधी तिथं लस दिली तर थोड्या लशीत जास्त जनावरं वाचतील."

"वाटांची माहिती कुठून आणणार?"

"लहानपणी मी वडिलांबरोबर चालले आहे सर. पण आठवणीवर मॉडेल उभं राहत नाही. म्हणून एम.एस्सी.ला असताना काही कळपांतल्या मेंढ्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून नोंदी घेतल्या."

पुण्याचे सर पुढं झुकले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच झोप नव्हती. पुढं बराच वेळ ते आणि ती, दोघंच बोलत होते. ती अडली तिथं सरळ "हे मला अजून येत नाही" म्हणाली. ते ऐकून मला फार बरं वाटलं, कारण त्या टेबलावर हे वाक्य आधी कुणी उच्चारलं नव्हतं.

शेवटी हत्तुरे सरांनी भाकरीचा तुकडा गिळत विचारलं, "लग्नाचं काय ठरलंय?"

"काही ठरलं नाही सर."

"नाही, मुली मध्येच सोडून जातात बघा. मग आमचे आकडे बिघडतात."

सरांशेजारी बसलेल्या शिवलीला मॅडमनी समोरचा कागद उलटला. त्या इथल्या प्राध्यापक, आणि दिपालीच्या मार्गदर्शक होणार होत्या.

दिपाली बाहेर गेली. तेलकट बोट माझ्यावर आलं, दिवा तांबडा झाला.

"पोरगी हुशार आहे, प्रश्नच नाही," हत्तुरे सर म्हणाले. "पण या वर्षी आपण एकाच मुलाची मातृसंस्था व्हायचं, असं ठरलंय. आणि संचालकांच्या मेहुण्यांचा प्रभुलिंग आहे."

"सर, ती पहिली आली आहे," शिवलीला मॅडम म्हणाल्या. "तिला नाही कसं म्हणणार?"

"मी कुठं नाही म्हणतोय? निवड करा की. पेपरात फोटो देऊ. नोंदणीचं पुण्यानं बघावं. नाही बघितलं तर पोरगी आपोआप कंटाळेल. आपल्यावर काही येत नाही."

हे सगळं ते हसत हसत म्हणाले. एखाद्याच्या तोंडावर दार लावून घेतलं तर तो दुसऱ्या दाराशी जाईल. इथं दार उघडं ठेवून उंबऱ्यावरच उभं करायचं ठरलं होतं. मला त्या दिवशी त्या माणसाची शिसारी आली, ती आजतागायत गेलेली नाही.

निवड झाली. पेपरात फोटो आला. दिपालीनं मूळ प्रमाणपत्रं कार्यालयात जमा केली आणि कामाला लागली. नोंदणी नाही म्हणून प्रयोगशाळेत तिला जागा मिळेना. मग शिवलीला मॅडमनी तोंडी परवानगी देऊन तिला सभागृहात बसवलं. बैठक नसेल तेव्हा ती माझ्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसायची. म्हणून तिचं काम मला जवळून पाहायला मिळालं.

पडद्यावर काळ्या रंगाचे ठिपके चालायचे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक कळप. एखादा ठिपका तांबडा व्हायचा, पाणवठ्यावर दुसऱ्याला भेटायचा, तोही तांबडा व्हायचा. मग ती लशीची जागा बदलायची आणि पुन्हा सगळं चालवून बघायची. कधी चूक सापडली की स्वतःशीच म्हणायची, "हितंच की गं, हितंच चुकतंय." दुपारी ओढणीच्या टोकानं माझी पाठ पुसायची आणि मग डबा उघडायची. आईचा फोन आला की तिची भाषा एकदम बदलायची.

"व्हय गं, जेवले. नंबर? न्हाय आला आजून. येईल की. पुन्यास्नं यायचाय."

तो नंबर म्हणजे नोंदणी क्रमांक. त्याच्याशिवाय पीएच.डी. सुरूच होत नाही, मग काम कितीही करा. पुण्याच्या संकेतस्थळावर अर्ज भरताना पहिल्याच रकान्यात सोलापूरचा क्रमांक मागायचे. सोलापूरच्या कार्यालयात गेली की म्हणायचे, "आधी पुण्याचा आणा, मग आमचा देतो." ती दोन्हीकडं विनवण्या करायची. दोन्हीकडचे तिच्याशी फार चांगलं बोलायचे. "काळजी करू नका, प्रक्रियेत आहे." हे वाक्य मी इतक्या वेळा वाहून नेलं आहे की आता ते ऐकलं तरी माझ्या आत खरखर होते.

शिवलीला मॅडमनी एकदा बैठकीत विषय काढला. "सर, मुलगी वर्षभर काम करतेय. नोंदणी आपणच करून टाकू या का?"

हत्तुरे सरांनी बोट टेकवलं. तांबडा.

"मॅडम, तुमच्या बढतीचं प्रकरण पुढच्या बैठकीत आहे ना?"

"हो सर."

"मग तेवढं होऊ द्या की आधी."

मॅडमनी समोरची फाईल मिटली. त्यांच्या बांगड्या टेबलाच्या कडेला वाजत राहिल्या, एवढंच मला ऐकू आलं.

मग संस्थेचं मूल्यमापन जवळ आलं. बाहेरून तपासणारे येणार, त्याआधी दोन्ही संस्थांची एकत्र आढावा बैठक ठेवली. दाखवायला काम काय, तर कुणाकडंच काही नव्हतं. एक दिपालीचं होतं. पण दिपाली कुणाच्याच नोंदीत नव्हती, त्यामुळं तिला सादर करता येत नव्हतं.

हत्तुरे सरांनी तिला बोलावून प्रेमानं सांगितलं, "हे बघ बाळ, आपण सगळे एक कुटुंब आहोत. प्रभुलिंगची नोंदणी आहे. तो सादर करेल. तुझं नाव शेवटी आभारात घालू. संस्थेचं भलं झालं की तुझंही होईल."

ती म्हणाली, "सर, मग माझा नंबर?"

"तेच तर. मूल्यमापन झालं की पहिलं काम तुझं."

ती शिवलीला मॅडमकडं बघत राहिली. मॅडम खाली बघत राहिल्या.

बिचारा प्रभुलिंग मुळात वाईट नव्हता. अक्कलकोटचा, घरात कन्नड बोलणारा, लाजाळू. संचालक त्याचे मामा, त्यांच्या शब्दाखातर तो इथं येऊन पडला होता. बैठकीच्या आदल्या दिवशी तो सभागृहात येऊन दिपालीला म्हणालाही, "मला ह्यातलं निम्मं कळत नाही. मी आजारी पडू का उद्या?"

"पडलास तर ते दुसऱ्या कुणाला उभं करतील," ती म्हणाली. "राहू दे. तू निदान इचारायला तरी आलास."

बैठक सुरू झाली. मूल्यमापनाची तालीम म्हणून दोन्हीकडचे झाडून सगळे हजर. दिपालीचा लॅपटॉप पडद्याला जोडलेला, कारण मॉडेल त्याच्यावरच चालत होतं. प्रभुलिंगनं पाठ केलेलं बोलून दाखवलं. पुण्याच्या सरांनी विचारलं, "पाणवठा आटला तर कळपांच्या गाठी कुठं पडतील? मॉडेल ते धरतं का?"

प्रभुलिंग उभा राहिला तो राहिलाच. मग मागच्या ओळीतून दिपालीचा आवाज आला.

"धरतं सर. पाणवठा आटला की कळपांची फाटाफूट होऊन ते लहान पाण्यावर जातात. गाठी कमी पडतात, पण त्या जास्त वेळ टिकतात. म्हणून साथ मंदावते आणि लांबते. त्या वेळी लशीची जागा बदलावी लागते. मी चालवून दाखवते."

ती पुढं येऊ लागली. हत्तुरे सरांचं बोट घाईनं माझ्याकडं आलं. पण चटणीच्या तेलानं ते बटणावरून घसरलं. माझा दिवा हिरवाच राहिला. त्यांनी पाहिलंच नाही.

"गप बस," ते म्हणाले. तो मऊ आवाज कुठल्या कुठं गेला होता. "मेंढरं राखायची लायकी तुझी, इथं एसीत बसवलं म्हणून शेफारलीस? नंबर नाही, नाव नाही, आणि मध्ये तोंड घालतेस! दीड वर्ष झुलवली तरी अक्कल येत नाही हिला."

ते सगळं मी पुण्याला नेलं. स्वच्छ, अक्षर न् अक्षर. आयुष्यात एवढ्या आनंदानं मी कधी काम केलं नव्हतं. मला वाटलं, आता उलगडा होणार. मुलाखतीत जागा झालेला तो माणूस आता खुर्चीतून उठणार.

पुण्याकडून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. कुणीतरी हलकेच "अरे बापरे" म्हणालं. आणि मग पुण्याच्या सरांचा दबका आवाज, शेजारच्या माणसासाठी काढलेला: "जाऊ द्या हो. त्यांचं अंतर्गत आहे. उद्या मुलगी आपल्या गळ्यात पडायची."

मग मोठ्यानं, सगळ्यांसाठी: "हॅलो, सोलापूर? मध्ये आवाज तुटला होता जरा. काही ऐकू आलं नाही. पुढं जाऊ या?"

हत्तुरेंची मला शिसारी आली होती. पण त्या क्षणी जे झालं त्याला शब्द नाही. घाणीत लोळणाऱ्याचा वास येतो, तो ओळखता येतो. हा माणूस अत्तर लावून बाजूला उभा होता. आणि त्याचा तो दबका आवाज माझ्याच पोटातून, हळू का होईना, या सभागृहात आला होता. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला. कुणी मान वर केली नाही.

दिपाली टेबलापाशी आली. वाकून तिनं मला दोन्ही हातांनी जवळ घेतलं, मुलाखतीच्या दिवशी घेतलं होतं तसंच.

"सर, आवाज तुटला न्हवता," ती म्हणाली. तिची भाषा घरची झाली होती आणि तिनं ती सावरली नाही. "दिवा हिरवा हाय. तुमी सगळं ऐकलंय. तुमचंबी आमी ऐकलंय."

"मला एकच सांगा. दोन्हीकडचे हितं हायत म्हणून इचारते. मी कुणाची इद्यार्थिनी?"

पुण्याचे सर म्हणाले, "हा मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

हत्तुरे सर म्हणाले, "आपण नंतर बसून बोलू."

तिनं मान हलवली. आपल्या लॅपटॉपची वायर काढली. पडद्यावरचे कळप एकदम दिसेनासे झाले. लॅपटॉप पिशवीत घालून ती निघाली. दाराशी थांबली तेव्हा मला वाटलं, शिवलीला मॅडम उठतील. त्या अर्ध्या उठल्या, पदर सावरला, आणि पुन्हा बसल्या.

तो पदर सावरल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी मॅडम एकट्याच सभागृहात आल्या. दार लावून घेतलं. डोळे सुजलेले. त्यांनी मला चालू केलं आणि धारवाडच्या एका प्राध्यापकबाईंना फोन जोडला. बहुधा कधीकाळची मैत्रीण. दोघी कन्नडमध्ये बोलत होत्या.

"हुडुगी भाळ शाण्या अदाळ," मॅडम म्हणाल्या. पोरगी फार हुशार आहे. मग बराच वेळ त्या दिपालीच्या कामाबद्दल बोलल्या, वाटा, पाणवठे, लशीच्या जागा. तिचं काम त्यांना किती खोलवर समजलं होतं! शेवटी पलीकडून प्रश्न आला, "इतकी चांगली आहे तर तूच का नाही ठेवलीस?"

"तुझ्याकडं घे," एवढंच मॅडम म्हणाल्या. त्यांचा भित्रेपणा मला आवडला नाही, आजही आवडत नाही. पण मी वाहिलेल्या सगळ्या बोलण्यांत तेवढं एकच बोलणं स्वच्छ होतं, हे सांगायला हवं.

धारवाडच्या त्या संस्थेनं दिपालीची मुलाखत घेतली आणि तिला प्रवेश दिला. अट एकच, मूळ प्रमाणपत्रं दाखवायची. आणि ती प्रमाणपत्रं अडकली होती आमच्या कार्यालयात. हत्तुरे सरांनी निरोप धाडला, 'मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वेच्छेने हा अभ्यासक्रम सोडत आहे' असं लिहून दे, कागदं घेऊन जा. दिपाली म्हणाली, खोटं लिहिणार नाही. पुन्हा तेच. आज साहेब नाहीत, उद्या कपाटाची किल्ली नाही. तिकडं प्रवेशाची मुदत संपत आली.

आणि मग एका सकाळी दिपालीबरोबर तिची आई आली. फुलाबाई. उन्हानं रापलेली, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कार्यालयातल्यांनी "साहेब मीटिंगला गेलेत" म्हणून सांगितलं. ती तडक सभागृहात आली आणि टेबलाच्या मध्यावर, बरोबर माझ्यासमोर, हत्तुरे सरांच्या खुर्चीत बसली.

हत्तुरे सर आत आले ते थबकले. पण आवाज लगेच मऊ केला. "बसा बसा आई. चहा घेणार? मल्लिनाथ, चहा आण रे."

"चा नगं," फुलाबाई म्हणाली. "पोरीची कागदं द्या."

"देऊ की. तिनं तेवढं लिहून दिलं की लगेच."

"काय लिवायचं?"

"हेच, घरच्या अडचणीमुळं सोडते म्हणून."

"घरची अडचण? आमची?" फुलाबाईनं दिपालीकडं पाहिलं, मग सरांकडं. "घरच्यानी तिला कदी अडवलं न्हाय. तिचा बाप आत्ता मेंढरामागं हाय, रोज सांच्याला फोन करून इचारतो, पोरीचं कुटवर आलं. अडवलं तुमी. मग आमच्या घराचं नाव कशाला?"

"आई, तुम्हाला यातलं कळत नाही."

"न्हाय कळत. कागदं द्या."

पुण्याबरोबरच्या बैठकीची वेळ झाली. पडदा उजळला. पुण्याकडचे एकेक चेहरे आले, मधोमध ते पुण्याचे सर. आणि त्यांच्या समोर, कॅमेऱ्याच्या बरोबर मध्ये, फुलाबाई. हात मांडीवर, नजर सरळ.

"सोलापूर? या कोण आहेत?"

हत्तुरे सर वाकून कोपऱ्यातून म्हणाले, "पालक आहेत सर. एक मिनिट." मग दात आवळून, "आई, उठा आता. मोठे लोक आहेत समोर."

"असू द्यात की. मी कुटं काय म्हनते त्यास्नी?"

तिला हात लावून उठवायची हिंमत कुणाला होईना. मल्लिनाथ चहा घेऊन आला तो तसाच परत गेला. दिपाली आईच्या खुर्चीमागं उभी होती. पुण्याचे सर चष्मा पुसत बसले. त्यांना आज आवाज स्वच्छ येत होता.

मग मागून प्रभुलिंग उठला. कुणाला न विचारता बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात प्रमाणपत्रांचं पाकीट होतं. किल्ली त्यानं कुणाकडून आणि काय सांगून घेतली, कुणास ठाऊक.

"प्रभुलिंग!" हत्तुरे सर म्हणाले.

"मामांना मी सांगतो," तो म्हणाला. पाकीट त्यानं दिपालीच्या हातात दिलं. "तपासून घे सगळी."

दिपालीनं एकेक काढून पाहिलं आणि आईच्या खांद्याला हात लावला. फुलाबाई उठली. जाताना पडद्यावरच्या माणसांकडं एकदा बघून घेतलं, जसं बाजारात न पटलेल्या जनावराकडं बघतात. मग दोघी गेल्या. हत्तुरे सरांनी रुमालानं खुर्ची झटकली आणि बसले.

"सॉरी सर. जरा ग्रामीण पालक असतात आमच्याकडं."

"समजू शकतो," पुण्याचे सर म्हणाले.

आणि बैठक सुरू झाली.

दिपाली आता धारवाडला आहे. एक संस्था, एक मार्गदर्शक, आणि जाताच पहिल्या आठवड्यात नोंदणी क्रमांक. मॅडमनी हे मल्लिनाथला सांगितलं तेव्हा मी ऐकलं. दीड वर्ष पाण्यात गेलं तिचं, ते कुणी भरून दिलं नाही. पण तिचे ठिपके पुन्हा चालू लागलेत. प्रभुलिंगनं सीनातीर सोडली, अक्कलकोटला शाळेत गणित शिकवतो. शिवलीला मॅडमना बढती मिळाली. त्या आता सभागृहात आल्या की माझ्यापासून लांबची खुर्ची घेतात.

आणि कार्यक्रम? मूल्यमापनात त्याची वाखाणणी झाली. 'दोन संस्थांमधील आदर्श समन्वय' असं म्हटलं गेलं. हत्तुरे सरांना शाल मिळाली.

त्या कौतुकापोटी सभागृहात नवी यंत्रणा आली. भिंतीवर कॅमेरे, छतात माईक. माझी वायर काढली आणि मल्लिनाथनं मला कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात ठेवलं, सुकलेल्या हारांच्या आणि फुटक्या ट्रॉफ्यांच्या शेजारी. ठेवताना हळहळला, "चांगलं होतं रं कासव." आत धूळ आहे, झुरळं आहेत. मला त्यांची घाण वाटत नाही.

फक्त कपाटाचं दार नीट लागत नाही. या वर्षीच्या मुलाखती परवाच झाल्या. फटीतून तो मऊ आवाज आला, "अभिनंदन. तुमची निवड झाली आहे. नोंदणीची काळजी करू नका, प्रक्रियेत आहे." आणि पलीकडून एका मुलीचा आनंदानं भरून आलेला आवाज, "थँक यू सर."

मला ओरडायचं होतं. पण माझं स्वतःचं असं काही बोलायची सोय मला कुणी दिलेली नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू 'दुरुस्त करा, वापरा, टाकू नका' म्हणून विनवतात. माझी विनंती वेगळी आहे. मी अजून बिघडलेलो नाही. मल्लिनाथ परवा कुणाला तरी सांगत होता, हे खालच्या मजल्यावरच्या वर्गाला देता येईल, फक्त वायर शोधायला पाहिजे. तेव्हा तुमच्यापैकी कुणी कधी या सभागृहात आलात आणि माझी वायर शोधत कुणी तुमच्यापाशी आलंच, तर एवढं करा. ती हरवली म्हणून सांगा.